गेटवे बंद आहे, जीपे करा

‘दादा, नाइफला आमचा पेमेंट गेटवे चालत नाही. या नंबरवर जीपे करा, स्क्रीनशॉट टाका, उद्या पार्सल निघेल.’

इन्स्टाग्रामवर सुऱ्या विकणाऱ्या पानाकडून असा मेसेज आला की खरेदी तिथेच थांबवा. भाव करत बसू नका. ‘निम्मे आत्ता देतो, निम्मे माल आल्यावर’ अशी तडजोडही नको. पैसे परत मिळण्याचे जेवढे रस्ते आहेत तेवढे या मेसेजमध्ये बंद होतात, आणि ते बंद करण्याचं काम तुमच्याच बोटांकडून करून घेतलं जातं.

हा मेसेज पटतो, कारण तो निम्मा खरा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पेमेंट गेटवेंच्या अटी उघडून वाचा. ज्या मालासाठी पैसे घेता येणार नाहीत त्याची यादी तिथे असते, आणि बंदुका, दारूगोळा यांच्याच ओळीत ‘चाकू’ हा शब्दही सापडतो. कांदा चिरायची सुरी लिहिणाऱ्याच्या मनात नसणार, पण शब्द मोघम आहे. त्यामुळे प्रामाणिक दुकानदारालाही कधी अडवलं जातं, कागद मागितले जातात. तो कागद देतो, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं दुकान म्हणून नोंदणी करतो आणि धंदा सुरू ठेवतो. भामट्याला मात्र ती अडचण आयती मिळते. भाजी-मटणाच्या सुऱ्या देशातल्या सगळ्या मोठ्या साइटींवर कार्डाने, यूपीआयने, दारात रोख देऊन उघडपणे विकल्या जातात. म्हणजे ‘नाइफला चालत नाही’ ही सबब घरातल्या सुरीला लागू पडत नाही. ज्या चाकूला ती खरोखर लागू पडते, तो चाकू घरात यायलाच नको.

सुरी ही ऑनलाइन घेण्यातली अवघड वस्तू आहे. साडीचा रंग उतरलेला असेल तर डबा उघडताच दिसतो, मोबाइल बंद असेल तर पाच मिनिटांत कळतं. सुरीचं पोलाद फोटोत दिसत नाही आणि हातात घेतल्यावरही दिसत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक सुरी टोमॅटो छान कापते. दोन आठवडे सुरणावर, भोपळ्यावर, सुरमईच्या काट्यावर चालली की मग खरं रूप बाहेर येतं. धार लवंडते, पात्यावर गंजाचे ठिपके येतात, मुठीतलं पातं हलायला लागतं.

नावांची फसवाफसवी तर उघड चालते. व्हीजी-१० हे पोलाद जपानच्या फुकुई प्रांतातली ताकेफू स्पेशल स्टील ही कंपनी बनवते. त्या पोलादाची अस्सल शेफ नाइफ घ्यायची तर कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. तेच नाव ७९९ रुपयांच्या सुरीवर छापलेलं असेल तर ते फक्त छापलेलंच आहे असं समजा. डमास्कसचंही तेच. खऱ्या डमास्कस पात्यात पोलादाचे थर भट्टीत एकमेकांवर ठोकून जोडतात आणि आम्लात बुडवल्यावर त्या थरांच्या लाटा पृष्ठभागावर येतात. स्वस्त सुरीवर त्या लाटा लेझरने वर वर कोरलेल्या असतात, भांडी घासायच्या घासणीने महिन्याभरात फिक्या होतात. झोलिंगेन या जर्मन शहराचं नाव कोणत्या सुरीवर घालायचं यासाठी तिथे १९३८ पासून कायदा आहे. आपल्या फोनवरच्या जाहिरातीला त्या कायद्याची भीती नाही.

सुरीचा खोटेपणा उशिरा कळतो, ही गोष्ट पैसे देताना आधी लक्षात घ्यायला हवी. ज्या वाटेने पैसे दिले तिथे उशिरा केलेली तक्रार कुणी ऐकेल का, आणि ऐकणारा बांधील असेल का, एवढंच पाहायचं. आपण मात्र ‘सुरक्षित पेमेंट’ म्हटलं की ओटीपी, पिन आणि ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह पाहतो. ही सगळी व्यवस्था चोराविरुद्ध आहे. तुम्ही स्वतः ज्याला पैसे देता त्या विक्रेत्याविरुद्ध तिचा काही उपयोग नाही. खोट्या दुकानाच्या साइटवरही ते कुलूप असतंच.

हा फरक बँकेच्या दारात गेल्यावर फार महागात पडतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खात्यातून तुमच्या संमतीशिवाय पैसे गेले, चूक तुमची नाही, बँकेचीही नाही आणि तुम्ही बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा येत नाही. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. उत्तम नियम आहे. पण तो संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. सुरीसाठी पैसे पाठवताना पिन तुम्ही टाकलात. नंबर तुम्ही निवडलात. रक्कम तुम्ही लिहिलीत. बँकेच्या लेखी हा व्यवहार तुमच्या मर्जीने, व्यवस्थित पार पडला. सुरी आली की नाही, हा प्रश्न तिच्या वहीत कुठेच नाही.

म्हणून अनोळखी माणसाच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करणं ही सुरी घेण्याची सगळ्यात धोक्याची पद्धत. यूपीआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये आलेल्या या सोयीने भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांचा सुट्ट्या पैशांचा प्रश्न सोडवला. पण ती रोख रकमेसारखी चालते. गेली की गेली. समोर बसलेल्या मावशींना रोख देण्यात धोका नाही, कारण भाजी आधीच पिशवीत आलेली असते. शेकडो किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाला कुणी रोख रकमेचं पाकीट आधी धाडत नाही. जीपेने मात्र रोज धाडतात.

यूपीआयनेच द्यायचे असतील तर दुकानाच्या नावाने नोंदलेल्या खात्यावर द्या. ॲपमध्ये पैसे जाण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ॲप कंपन्यांना जून २०२५ अखेरपासून हे खरं नाव दाखवणं सक्तीचं केलं आहे. त्याआधी काही ॲपमध्ये समोरच्याने स्वतः ठेवलेलं टोपणनावही दिसायचं. पानावर ‘रॉयल ब्लेड्स’ असं ठळक लिहिलेलं आणि पिन टाकायच्या पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव, असं दिसलं तर मागे फिरा. ‘ते माझ्या भावाचं खातं आहे’, ‘अकाउंटंटचं आहे’ ही उत्तरं ऐकून पुढे जाणारे फसतात. त्या खात्याचा मालक बहुतेक वेळा विक्रेता नसतोच. चार पैशांसाठी कुणीतरी आपलं खातं भामट्यांना वापरायला दिलेलं असतं.

दुकानाच्या नावाचं खातं आणि त्यामागे मान्यताप्राप्त पेमेंट कंपनी असली की चित्र बदलतं. या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम केले. ग्राहकाचे पैसे थेट दुकानदाराच्या खिशात जात नाहीत, आधी बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात थांबतात. रिफंड द्यायचा तर पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करायचे, ग्राहकाने वेगळं काही मान्य केलं असेल तरच मार्ग बदलायचा. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर या वाक्यावरच तो उघडा पडतो. कार्डाने दिलेले पैसे कार्डावर परत येतात. त्यासाठी काही स्कॅन करावं लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, कधीच नाही. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आईबाबांना आणि सासूसासऱ्यांना, एवढी एक गोष्ट पाठ करून द्या.

महागडी सुरी घ्यायची तर माझं मत स्पष्ट आहे: क्रेडिट कार्ड. खर्च करायला सोपं म्हणून नव्हे, भांडायला सोपं म्हणून. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही व्यवस्थांत चार्जबॅक नावाची तरतूद आहे. माल मिळालाच नाही, सांगितल्यापेक्षा वेगळा मिळाला, नकली निघाला, या तिन्ही कारणांसाठी तुम्ही कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत व्यवहाराला हरकत घेऊ शकता. मग खुलासा दुकानदाराच्या बँकेला करावा लागतो. मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते. दोन आठवड्यांनी धार गेलेल्या, दोन महिन्यांनी लाटा पुसलेल्या सुरीसाठी ही मुदत पुरेशी आहे. साइटवरची ‘सात दिवसांत परत’ ही सोय तोवर कधीच संपलेली असते.

डेबिट कार्डावरही हरकत घेता येते, पण तिथे भांडण संपेपर्यंत अडकलेले पैसे तुमचे असतात. क्रेडिट कार्डात बिलाची तारीख येईपर्यंत ते बँकेचे असतात. महिनाअखेर कशी काढायची हा प्रश्न ज्याच्या घरात आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, आणि असे लोक आपल्याकडे फार मोठ्या संख्येने आहेत, त्यांनी ऑनलाइन खरेदीसाठी एक वेगळं खातं ठेवावं आणि त्यात लागतील तेवढेच पैसे टाकावेत. पगाराच्या खात्याचं कार्ड कोणत्याही साइटला देऊ नये.

चार्जबॅकची मर्यादाही सांगायला हवी. ही कार्ड कंपन्यांची अंतर्गत व्यवस्था आहे, ग्राहकाला कायद्याने दिलेला हक्क नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं ७५ वं कलम आहे. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि दुकानदाराने करार मोडला, तर कार्ड देणारी कंपनीही त्याच्याइतकीच जबाबदार धरली जाते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे संरक्षण आहे, लातूरमधल्या कुटुंबाला नाही. ते मिळायला हवं. कार्डांवर व्याज आणि शुल्क घेणाऱ्या बँकांनी कार्डावर विकल्या गेलेल्या खोट्या मालाची थोडी जबाबदारी घ्यावी, ही मागणी अवाजवी नाही. ग्राहक चळवळीतल्या लोकांनी ती लावून धरावी.

जो नियम आहे, तोही कुणी वाचत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मार्केटप्लेस साइटींवर एक बंधन आहे. पैसे देण्याचे कोणते मार्ग आहेत, ते किती सुरक्षित आहेत, चार्जबॅकची सोय असेल तर ती कोणती आणि पेमेंट सेवा देणाऱ्याशी संपर्क कुठे करायचा, ही माहिती ग्राहकाला ठळकपणे दिसली पाहिजे. तुमच्या नेहमीच्या साइटवर ती शोधून पाहा, आणि सापडेपर्यंत किती पानं उलटावी लागली तेही बघा. ‘आत्ताच घ्या’ हे बटण शोधायला मात्र कुणालाच वेळ लागत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करावं लागतं. ज्या पानावर पत्ता नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही, फक्त एक व्हॉट्सॲप नंबर आहे, ते दुकान नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी? स्वस्तातल्या सुरीसाठी, अनोळखी साइटवरून, हाच मार्ग बरा. माल न येण्याचा धोका संपतो. चुकीचा माल येण्याचा धोका मात्र तसाच राहतो, कारण बहुतेक वेळा डबा उघडण्याआधी पैसे द्यावे लागतात. जिथे समोर डबा उघडून दाखवण्याची सोय असेल तिथे ती घ्या. नसेल तर पार्सल फोडायच्या आधीपासून मोबाइलवर चित्रण सुरू करा, पत्त्याची चिठ्ठी दिसू द्या आणि मध्ये न थांबता पातं बाहेर येईपर्यंत चालू ठेवा. पुढे बँकेत किंवा ग्राहक आयोगात हाच पुरावा कामी येतो. माल आणणाऱ्या मुलाशी वाद घालू नका. डब्यात काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि उशीर झाला की कमाई त्याची कापली जाते.

‘सीओडी आहे, पण कुरिअरचे ९९ रुपये आधी भरा’ असा प्रकारही चालतो. ९९ ही रक्कम मुद्दाम ठरवलेली असते. ती गेली तर कुणी पोलिसांत जात नाही. आणि ती भरायला दिलेली लिंक तुमच्या कार्डाचा नंबर टिपून घेत असेल तर ९९ रुपयांची किंमत फार मोठी ठरते. दुसरा प्रकार न मागवलेल्या पार्सलचा. दुपारी घरात एकट्या आजी असतात, दारात पार्सल येतं, ‘घरातल्यांनी मागवलंय’ असं सांगितलं जातं आणि आजी पैसे देऊन मोकळ्या होतात. ऑर्डर कुणी दिली ते फोन करून विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम प्रत्येक घरात असावा.

आता हातानं सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांबद्दल. त्यांच्यावर अन्याय होऊ नये. एकेक सुरी ऑर्डरप्रमाणे बनवणारा माणूस आगाऊ रक्कम मागतो, आणि त्याने ती मागावीच. पोलाद आणि मुठीचं लाकूड तो स्वतःच्या पैशाने आणतो, आठवडे घालवतो, आणि शेवटी ग्राहकाने फोन उचलला नाही तर तुमच्या मापाची सुरी दुसऱ्या कुणी घेत नाही. पण आगाऊ देण्याचीही रीत असते. रक्कम थोडी द्या, फार तर पोलादाच्या खर्चाइतकी. त्याच्या व्यवसायाच्या नावाने असलेल्या खात्यावर द्या. पोलाद कोणतं, पातं किती इंचांचं, मूठ कशाची, माल कधी मिळणार आणि उशीर झाला तर पैसे परत कसे, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. तयार सुरीचं चित्रण आलं की पुढचा हप्ता, माल हातात आला की उरलेली रक्कम. खरा कारागीर याला रागावत नाही, त्यालाही असाच ग्राहक हवा असतो. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहा, फुकट दिसतं. पंधरा अक्षरांचा हा क्रमांक महाराष्ट्रातल्या नोंदणीसाठी २७ ने सुरू होतो. पत्ता पुण्याचा आणि सुरुवातीचे आकडे भलत्या राज्याचे, असं असेल तर विचारा. लहान कारागिराकडे हा क्रमांक नसूही शकतो. तो नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही, पण खोटा क्रमांक छापणारा ठरतो.

आणि ज्यांना हे सगळं नको, त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणारे घिसाडी अजून आहेत. समोर लोखंड तापतं, घणाखाली पातं आकार घेतं, विळी किंवा कोयता तिथेच धार लावून मिळतो. गवताच्या काडीवर धार बघायची आणि मग पैसे द्यायचे. मला हा व्यवहार आवडतो. या लोकांचा धंदा मोडत चाललाय याचं वाईटही वाटतं.

परदेशातून सुरी मागवणारे मराठी हौशी लोक वाढतायत, विशेषतः जपानच्या साकाई आणि सेकी या सुऱ्यांच्या गावांमधून. त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं बटण वेगळं असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशामुळे ते चालू-बंद करणं आणि मर्यादा ठरवणं आपल्या हातात आहे. पैसे भरायच्या वेळी चालू करा, व्यवहार झाला की बंद करा. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी विचारलाच जात नाही, कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा नंबर साठवता येत नाही. परदेशी दुकानाने तो कुठे, कसा ठेवला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत पेपालने पैसे जाणार असतील तर ते ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ या प्रकारात जायला हवेत. थोडं शुल्क वाचवायला विक्रेता ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ मध्ये पाठवा म्हणतो. तसं पाठवलं की पेपालचं खरेदीदारासाठीचं संरक्षण संपलं. नाहीतर तक्रारीला १८० दिवस मिळतात.

दुसरी गोष्ट मूळ देशाची. जगभर स्वस्तात विकल्या जाणाऱ्या डमास्कस सुऱ्यांपैकी पुष्कळ पाकिस्तानातल्या वजीराबादच्या असतात, ते तिथलं जुनं कटलरीचं गाव आहे. भारताने २ मे २०२५ ला पाकिस्तानी मालाच्या आयातीवर पूर्ण बंदी घातली, आणि ती तिसऱ्या देशामार्फत येणाऱ्या मालालाही लागू आहे. म्हणजे अमेरिकी किंवा युरोपी विक्रेत्याकडून घेतलेली सुरी वजीराबादची निघाली तर कस्टममध्ये अडकणार. मग चार्जबॅक मागायला गेलात तर विक्रेता माल पाठवल्याची पावती दाखवतो, आणि तुमची बाजू लंगडी पडते. पैसे भरण्याआधी ‘माल कुठे बनला’ हे लेखी विचारून घ्या.

कायद्याची रेघही माहीत असावी. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र म्हणून मोजली जातात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली सोडून. त्यामुळे मटण तोडायच्या रुंद सुऱ्याला घाबरायचं कारण नाही. ‘टॅक्टिकल’, ‘सेल्फ डिफेन्स’ अशा नावांनी विकले जाणारे खंजीर वेगळे. औरंगाबादेत २०१८ मध्ये पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुरे जप्त केले होते. असा माल विकणारा बिलावर ‘गिफ्ट आयटेम’ किंवा ‘डेकोरेशन’ लिहितो. ते बिल स्वीकारलंत की पुढे फसवणुकीची तक्रार कशाच्या आधारावर करणार? तुम्ही मागवली शोभेची वस्तू, आली शोभेची वस्तू. बिलावर वस्तूचं खरं नाव, पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यातून, पत्ता स्वतःचा. मित्राच्या फोनवरून पैसे भरून पार्सल तिसऱ्याच पत्त्यावर घेणारा माणूस स्वतःहून संशयाच्या यादीत जाऊन बसतो.

एवढं करूनही फसलात, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. विक्रेत्याला नाही, मित्रांच्या ग्रुपवर नाही. या क्रमांकावरची यंत्रणा पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत बँकांना कळवून ते गोठवू शकते. पहिल्या तासा-दोन तासांत जे जमतं ते दुसऱ्या दिवशी जमत नाही. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवा. मग बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. बँकेचा किंवा कुरिअरचा ‘कस्टमर केअर’ नंबर इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर येणारे नंबर भामट्यांनीच पेरलेले असू शकतात, आणि स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवायला लावून ते उरलेलं खातंही रिकामं करतात. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.

विक्रेता खरा आहे पण माल खोटा आहे, अशा वेळी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या मालासाठी शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असं नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो.

‘७९९ रुपयांसाठी कोण एवढं करणार’ असं म्हणून बहुतेक लोक इथेच थांबतात. भामट्यांची टोळी तुमच्या ७९९ वर जगत नाही, अशा हजार लोकांच्या गप्प बसण्यावर जगते. प्रत्येक तक्रारीत तोच खातेक्रमांक पुन्हा आला की पोलिसांना त्या खात्यापर्यंत पोचता येतं. १९३० वर फोन करायला दहा मिनिटं लागतात. तो करा, रक्कम कितीही लहान असली तरी.